'सोबेईर' नावाचे क्रियापद

आमच्या कचेरीतील एका मराठी सहकाऱ्याची मुलगी परवा संध्याकाळी फ्रेंचची वही घेऊन घरी आली आणि म्हणाली, "काका, 'सोबेईर' म्हणजे काय? कोशात सापडतच नाही." कोशात ते सापडणार नव्हते, कारण असे क्रियापद फ्रेंच भाषेत नाहीच. शाळेत तिला 'देझोबेईर' हे क्रियापद फोडून दाखवावयास सांगितले होते. अवज्ञा करणे, सांगितलेले न ऐकणे, असा त्याचा अर्थ. शब्दाचे उच्चारानुसार तुकडे कसे पाडावेत, याचा नियम आदल्या आठवड्यात झाला होता: दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन आले तर ते पुढच्या स्वराकडे जाते. त्या नियमाने मुलीने अचूक चार तुकडे पाडले, दे-झो-बे-ईर. मग वर्गात असेही सांगण्यात आले की, 'दे' हा उलट अर्थ देणारा उपसर्ग आहे. मुलीने पहिला तुकडा उपसर्ग म्हणून बाजूस काढला, उरलेल्या तिहींचे एक क्रियापद केले आणि लेखनातील 'एस' हे अक्षर पाहून ते 'सोबेईर' असे वाचले. दोन्ही नियम खरे, मुलीची बुद्धी सरळ, आणि उत्तर मात्र साफ चूक! 'ओबेईर' म्हणजे आज्ञा पाळणे, हा शब्द तिला तीन महिन्यांपासून पाठ होता. तो त्या चार तुकड्यांत समोर उभा असूनही तिला दिसला नाही.

एवढ्यावरच गोष्ट थांबती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील मला म्हणाले, "अहो, संस्कृतच्या व्याकरणातून सुटका व्हावी म्हणून तर तिला फ्रेंच घेऊन दिले. तिथेही हे उपसर्गांचे लचांड कशाला? भाषा कानाने येते. चार वाक्ये बोलता आली, गुण मिळाले, की झाले." भोवती बसलेल्या दोघा-तिघा मराठी अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. त्या माना डोलावण्याविरुद्ध माझी तक्रार आहे. मुलीला जे आले नाही ते फ्रेंचच्या कठीणपणामुळे आले नाही, असे मी समजत नाही. जे ज्ञान तिच्या घरात, तिच्या मातृभाषेत, पिढ्यान् पिढ्या नांदत आले आहे, ते तिच्या हाती देण्याचे आपण टाळले, म्हणून ते आले नाही.

मूळ मुद्दा अगदी साधा आहे. शब्द दोन रीतींनी कापता येतो. एक काप कानाचा, दुसरा अर्थाचा. कान एकेका स्वराभोवती व्यंजने गोळा करतो. त्या गोळ्याला येथे अवयव म्हणू. अर्थ मात्र धातू कोठे सुरू होतो, त्याच्या पुढे काय जोडले आहे व मागे काय लागले आहे, हे पाहतो. हे दोन्ही काप कधी एका जागी पडतात, पुष्कळदा पडत नाहीत. ते नेहमी एकाच जागी पडतात असे जो गृहीत धरतो, त्याच्या वहीत 'सोबेईर' जन्माला येते.

आणि हे केवळ लहान मुलांचे होते असे नाही. आमची वस्ती बसवनगुडीची. महाराष्ट्रातून नव्याने बदली होऊन आलेला आपला माणूस बसवरची रोमन पाटी पाहून प्रथम 'बस-वनगुडी' असे वाचतो आणि हे कोणत्या वनातले देऊळ, असा प्रश्न करतो. वस्तुतः शब्दाची फोड 'बसवन' आणि 'गुडी', म्हणजे बसवाचे देऊळ, अशी आहे. 'बसव' हे संस्कृत 'वृषभ' याचेच कन्नड रूप, आणि 'न' हा षष्ठीचा प्रत्यय. कानाला ब-स-व-न-गु-डी असे सहा सारखे तुकडे ऐकू येतात. त्यांपैकी कोठे थांबावयाचे ते कान सांगत नाही. ते सांगावयास त्या टेकडीवरच्या दगडी नंदीचे दर्शन तरी घ्यावे लागते, किंवा कन्नडचा एक विभक्तिप्रत्यय तरी शिकावा लागतो.

आता मराठीकडे वळू. 'दुरुपयोग' हा शब्द आपण रोज टिपणीत लिहितो. त्याची अक्षरे दु-रु-प-यो-ग. फ्रेंचच्या त्या वर्गातील रीतीने पहिला तुकडा उपसर्ग मानला, तर 'दु' हा उपसर्ग आणि 'रुपयोग' हा शब्द! 'निरुत्तर' याचे 'नि' आणि 'रुत्तर' होईल. आपण असे कधी करीत नाही, कारण 'दुर्' आणि 'उपयोग', 'निर्' आणि 'उत्तर' हे आपल्याला ठाऊक आहे. 'दुर्'मधला 'र' उच्चारात 'उपयोगा'च्या 'उ'ला जाऊन बिलगला, तरी तो घरचा कोणाचा हे आपण विसरत नाही. 'देझोबेईर'मध्ये हेच घडले आहे. उपसर्ग 'देझ्', क्रियापद 'ओबेईर', आणि 'झ' मात्र उच्चारात पुढच्या 'ओ'ला बिलगलेला. 'दुरुपयोग' ज्याला समजला त्याला 'देझोबेईर' समजावयास पाच मिनिटांवर वेळ लागू नये.

हा 'झ', म्हणजे आपल्या 'झाड' शब्दातला, पुढे स्वर असला तरच ऐकू येतो. 'आर्मे' म्हणजे शस्त्रसज्ज करणे, 'देझार्मे' म्हणजे निःशस्त्र करणे. पण 'फॅर' म्हणजे करणे, यापासून 'देफॅर' म्हणजे केलेले उलगडून टाकणे. येथे पुढे व्यंजन असल्यामुळे 'झ' लोपला. फ्रेंचचे विद्यार्थी यास अपवाद म्हणून घोकतात. मराठी मुलाने त्याचे आश्चर्य का मानावे? एकच 'निर्' अथवा 'निस्' निराकार, निश्चय, निष्फळ, निस्तेज अशी रूपे घेतो, आणि 'नीरस' शब्दात तर त्याचा 'र्' गळून मागचा स्वर दीर्घ होतो. शेजारचा ध्वनी पाहून उपसर्ग वेष बदलतो, हे आपल्या शाळेत संधी या नावाने शिकवीत. तो धडा कंटाळवाणा होता हे मला मान्य आहे. तो खोटा होता असे मात्र कोणी म्हणू नये.

याच्याही पुढची गोष्ट अशी की, अर्थाचा काप ज्याला माहीत नाही त्याचा उच्चारही चुकतो. फ्रेंचमध्ये दोन स्वरांच्या मध्ये आलेला एकटा 'एस' सामान्यतः 'झ' असा उच्चारतात. मग 'प्रेस्युपोझे', म्हणजे आधी गृहीत धरणे, या क्रियापदात पहिला 'एस' दोन स्वरांच्या मध्ये असूनही 'स'च का राहतो? कारण तो 'प्रे' या उपसर्गाचा नसून 'स्युपोझे' या मूळ क्रियापदाचा आरंभ आहे, आणि बोलणाऱ्याला ते अजून जाणवते. म्हणजे 'देझोबेईर'मधील 'झ' आणि 'प्रेस्युपोझे'मधील 'स' यांचा निवाडा उपसर्गाची सीमा करते. "भाषा कानाने येते" म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. कानाला जे ऐकावयाचे आहे तेच येथे अर्थ ठरवीत आहे!

संस्कृतात तर उपसर्ग पुढच्या धातूचा वर्णच बदलून टाकतो. 'नाम'मध्ये 'न', पण 'प्रणाम' आणि 'परिणाम' यांत 'ण'. 'नय'मध्ये 'न', पण 'निर्णय'मध्ये 'ण'. 'सेक'चा 'अभिषेक' होतो, 'सम'चा 'विषम'. मराठी मुले हे शब्द शुद्ध लिहितात ती पाठांतराने. ते शुद्ध का, हे सांगणारा कोणी भेटला तर त्यांना पाठांतराची गरज उरणार नाही.

कधी कधी उपसर्ग इतका आकसतो की त्याचा स्वतःचा अवयवही उरत नाही. 'आँत्रे' म्हणजे आत जाणे. 'पुन्हा' या अर्थाचा 'र' त्याला लागला की 'राँत्रे', म्हणजे परत आत येणे, घरी येणे. 'ऊव्रीर' म्हणजे उघडणे, 'रूव्रीर' म्हणजे पुन्हा उघडणे. येथे उपसर्ग म्हणून एक उघडे व्यंजन तेवढे उरले. अवयव मोजून उपसर्ग शोधणाऱ्याला तो जन्मात सापडणार नाही. पण आपल्या 'व्यय' शब्दात 'वि' कोठे आहे? 'न्यास'मध्ये 'नि' कोठे आहे? 'अन्वया'त 'अनु' कोठे आहे? आपल्याकडे संपूर्ण उपसर्ग अर्ध्या अक्षरात मावतो, आणि जमाखर्चाच्या कागदांवर तो शब्द लिहीत आपण आयुष्य काढतो.

क्रियापदाच्या दुसऱ्या टोकाला, प्रत्ययाकडे, हेच दिसते. 'नू पार्लों', म्हणजे आम्ही बोलतो. कानाला पार्-लों, अर्थाला 'पार्ल्' आणि 'ओं'. आपले 'करीन' घ्या. कानाला क-रीन, अर्थाला 'कर्' आणि 'ईन'. 'बसेल' कानाला ब-सेल. अर्थाला 'बस्' आणि 'एल'. आपली देवनागरी तर धातूचे शेवटचे व्यंजन आणि प्रत्ययाचा पहिला स्वर एकाच अक्षरात बांधून टाकते. म्हणजे दोन काप निराळे असतात, ही गोष्ट मराठी मूल पहिलीपासून लिहीत आले आहे. त्याला ती कोणी दाखवून दिली नाही, एवढेच.

लिहिलेले आणि उच्चारलेले यांतील अंतराचेही तसेच. 'ईल पार्ल', म्हणजे ते बोलतात, हे लिहिताना शेवटी तीन अक्षरे जास्त लागतात व ती मुकी राहतात. कागदावर क्रियापदाचे दोन अवयव, बोलण्यात एक. परंतु जुन्या शिस्तीच्या फ्रेंच पद्यात तो मुका अवयव, ओळीच्या शेवटी नसेल तर, मोजणीत धरतात. यावर आमची मंडळी फ्रेंचांना हसतात. 'उत्तर' हा शब्द आपण उत्-तर् असा दोन अवयवांत बोलतो, लिहितो तीन अक्षरांत, आणि अक्षरगणवृत्तात बसवताना तीनच मोजतो. मग हसावयाचे कोणाला?

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, इंग्रजीतही अवज्ञेच्या शब्दात 'डिस्' आणि 'ओबे' स्पष्ट दिसतात. मुलीला इंग्रजी येते, तेवढ्याने काम भागले असते. हे मी मान्य करतो. त्या एका शब्दापुरते भागले असते. पण इंग्रजीत तो 'डिस्' स्वर पाहून 'स' टाकीत नाही की धरीत नाही. तेथे संधीचा हिशेब दिसत नाही, आणि फ्रेंचमध्ये अडते ते नेमके तेथेच. शिवाय इंग्रजीतील असे बरेचसे शब्द मुळात फ्रेंचमधूनच गेलेले. सावकार सोडून त्याच्या कुळाकडे कर्ज मागावयास जाण्यासारखेच हे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फ्रान्समधील मूल कोठे व्याकरण शिकून बोलते? खरे आहे. पण ते मूल दिवसभर ती भाषा ऐकते, तिच्यात रडते व भांडते. आपल्या मुलांच्या वाट्याला आठवड्यातील मोजके तास येतात. ज्याच्या शेतातून नदी वाहते त्याने विहिरीची उपेक्षा केली तर चालेल. आपल्याकडे नदी नाही. थोड्या सामग्रीतून पुष्कळ काढावयाचे तर नियमाचाच आधार घ्यावा लागतो, आणि त्याचा लाभ किती मोठा आहे पाहा. 'व्हनीर' म्हणजे येणे. त्यापासून 'रव्हनीर' परत येणे, 'दव्हनीर' होणे, 'पार्व्हनीर' पोहोचणे, 'स्युर्व्हनीर' अचानक उद्भवणे, 'अँतेर्व्हनीर' मध्ये पडणे, 'प्रेव्हनीर' आधी सूचना देणे. एका क्रियापदाची रूपे आली की साऱ्या गोतावळ्याची आली. ग्रह् या धातूपासून संग्रह, आग्रह, निग्रह, विग्रह, अनुग्रह ज्या घरात बोलले जातात, तेथे हे नवे वाटू नये.

इतकेच काय, उपसर्ग लागला की क्रियापदाची व्याकरणातील चालही बदलते. 'व्हनीर'चा भूतकाळ 'असणे' या अर्थाच्या साहाय्यक क्रियापदाने होतो, 'प्रेव्हनीर'चा मात्र 'जवळ असणे' या अर्थाच्या. संस्कृतात 'जयति' हे परस्मैपद. 'वि' किंवा 'परा' लागताच 'विजयते', 'पराजयते' असे आत्मनेपद. पाणिनीने 'प्र' आदिकरून बावीस शब्दांची यादी दिली, आणि क्रियेशी योग असेल तेव्हाच त्यांना उपसर्ग म्हणावे असे सांगितले. आमच्या शालेय पुस्तकांनी नेमके उलट केले. क्रियेपासून तोडून उपसर्गांचे तक्ते छापले, त्यांत 'गैर', 'बे', 'बिन' यांची भर घातली, आणि प्रत्येकापुढे दोन-दोन नामे लिहून मुलांना घोकावयास लावली. मग उपसर्ग हे लचांड वाटले तर दोष मुलांचा नव्हे. या बाबतीत माझ्या सहकाऱ्याची तक्रार खरी आहे; त्याने काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे.

दोन काप वेगळे ठेवण्याची शिस्त आपल्या परंपरेत तर फार जुनी आहे. वेदांचा छंद मोजताना अक्षरे मोजली. पदपाठ करताना शब्द आणि उपसर्ग अर्थाप्रमाणे निरनिराळे केले. एकाच ऋचेचे हे दोन हिशेब, आणि एकाने दुसऱ्यात ढवळाढवळ केली नाही. फ्रेंच विद्वानांना याचे मोल कळले. लुई रनू यांनी अष्टाध्यायीचे फ्रेंच भाषांतर 1948 ते 1954 या काळात प्रसिद्ध केले. त्याआधी ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीचा इतिहास फ्रेंचमध्ये लिहिला. तो ग्रंथ 1920 साली पॅरिसला निघाला, आणि वा. गो. परांजपे यांनी त्याचे मराठी भाषांतर 'मराठी भाषेचा विकास' या नावाने 1941 साली केले. 'ध्वनिविचार' लिहिणारे ना. गो. कालेलकर पॅरिसला शिकले होते. म्हणजे आपल्या भाषेचा शास्त्रीय इतिहास समजून घेण्यासाठी आपल्याला फ्रेंचच्या दारावरून जावे लागले. आणि आपण मात्र फ्रेंचच्या दाराशी जाताना मराठी-संस्कृतची किल्ली खिशातून काढून फेकून देतो!

येथे एक इशारा देणे मला भाग आहे, नाहीतर माझ्याच शिष्यांच्या वह्यांत नवे 'सोबेईर' उगवतील. प्रत्येक पहिला तुकडा उपसर्ग नसतो. 'विहीर' शब्दात 'वि' नाही, 'सुतार' शब्दात 'सु' नाही. आणि कित्येकदा उपसर्ग होता, पण आता तो धातूत मुरून गेला आहे. 'विकणे' हे वि आणि क्री यांपासून आले, 'उठणे' हे उत् आणि स्था यांपासून, 'बसणे' हे उप आणि विश् यांपासून. आज त्यांची फोड करून कोणी बसत नाही. फ्रेंचमधील 'रेस्ते', म्हणजे राहणे, यात लॅटिनकालीन 'रे' आहे, पण चालू भाषेला तो जाणवत नाही. म्हणून कसोटी एकच ठेवावी: उपसर्ग काढल्यावर उरलेला भाग त्याच भाषेत अन्यत्र जिवंत आहे काय? 'ओबेईर' जिवंत आहे, म्हणून काप बरोबर. 'रसव्वार', म्हणजे घेणे, मिळणे, यातील 'सव्वार' एकटा नांदत नाही. पण 'कोंसव्वार', 'पेर्सव्वार', 'देसव्वार' या भावंडांत तो दिसतो, म्हणून तेथेही काप ओळखावा. 'सोबेईर' कोठेच नाही, म्हणून काप चूक. त्या मुलीने कोश उघडला तेव्हा तिने ही कसोटी नकळत लावलीच होती. तिला उत्तरही मिळाले होते. ते उत्तर आहे, एवढे सांगणारा कोणी जवळ नव्हता.

बदलीच्या नोकरीतील आपल्या मुलांची स्थिती मी जाणतो. दर तीन-चार वर्षांनी प्रांत बदलतो, शाळा बदलते, पाटीवरची लिपी बदलते. मराठी शाळेत मिळत नाही, ती जेवणाच्या पानावर बोलण्यापुरती उरते. संस्कृत घ्यावे तर गुण जातील ही भीती. फ्रेंच घेतले म्हणून मी कोणास नावे ठेवीत नाही. ती मोठी भाषा आहे आणि तिने आपले ऋणही मानले आहे. तुकारामांचे अभंग गी द्लरी यांनी 1956 साली त्याच भाषेत नेले. पण एक भाषा शिकताना दुसरी टाकावीच लागते, आणि जी टाकावयाची ती घरचीच, हा जो समज आपल्यात शिरला आहे तो मला घातक वाटतो. असे केल्याने घरची जाते आणि बाहेरचीही पुरती येत नाही. मुलाच्या हाती उरते ती कोशात न सापडणारी क्रियापदे.

यावर उपाय खर्चाचा नाही. वहीत प्रत्येक नव्या क्रियापदाखाली दोन ओळी आखाव्यात. वरच्या ओळीत कानाचे काप, खालच्या ओळीत अर्थाचे. शेजारी त्याच जातीचा एक मराठी शब्द लिहावा: 'देझोबेईर'च्या शेजारी 'दुरुपयोग', 'राँत्रे'च्या शेजारी 'व्यय', 'पार्लों'च्या शेजारी 'करीन'. हे काम शिकवणीच्या बाईंचे नव्हे, कारण त्यांना मराठी येण्याचे कारण नाही. ते आईबापांचे आहे. ज्या अधिकाऱ्यास परिपत्रकातील एका 'अथवा'चा अर्थ लावण्यात तासभर घालवता येतो, त्याला मुलीच्या वहीसाठी रात्री पंधरा मिनिटे मिळू नयेत, हे मी मानावयास तयार नाही.

त्या दिवशी मी मुलीला विशेष काही शिकवले नाही. कागदावर 'निरुत्तर' हा शब्द लिहून दिला आणि फोड म्हटले. तिने ताबडतोब 'निर्' आणि 'उत्तर' असे लिहिले. मी विचारले, "नि आणि रुत्तर का नाही लिहिलेस?" ती म्हणाली, "काका, रुत्तर असा शब्दच नसतो." मग ती थोडा वेळ गप्प बसली, आणि आपली फ्रेंचची वही तिने पुन्हा पुढे ओढली.